जागा वाचवणारे बहुउपयोगी फर्निचर (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

एकाच वस्तूतून दोन किंवा अधिक गरजा भागवणारे आणि वापर संपल्यावर मिटून, सरकून वा भिंतीला लागून जमीन मोकळी करणारे घरगुती फर्निचर. सोफा-कम-बेड, सामान ठेवण्याचा बॉक्स बेड, भिंतीला उभा मिटणारा पलंग, पलंगाखालून ओढून काढायचा दुसरा पलंग आणि घडीचे टेबल ही त्याची परिचित रूपे होत. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील वन आरके आणि वन बीएचके घरांत एकाच खोलीत बसणे, जेवणे, अभ्यास आणि झोप होत असल्याने तेथे या फर्निचरला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि 1854 मध्ये ती कल्याणला पोचली. पुढे, मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतली अनेक कुटुंबे या मार्गावर स्थायिक झाली. 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18 लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. चाळीत सकाळी वळकट्या गुंडाळून ठेवत. पोटमाळा, फडताळ, खुंट्या आणि लोखंडी खाटेखालच्या ट्रंका यांत संसार मावत असे. वेळेप्रमाणे खोलीचा उपयोग बदलण्याची ही रीत नव्या घरांतही टिकली. आजचे फर्निचर त्याच रीतीला बिजागरी, चाके आणि पलंग उचलायला मदत करणारे गॅस पंप यांची जोड देते.

घरांचे आकार अजूनही लहानच आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी घराचे चटईक्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट धरले होते. कल्याण तालुक्यातील शिरढोण व खोणी येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने या योजनेतील घरे बांधली आहेत.

जागेचा हिशेब : 10 × 10 फुटांच्या खोलीत साडेसहा × 5 फुटांचा पलंग सुमारे 32 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जमीन अडवतो. तोच पलंग दीड फूट खोल कपाटात उभा मिटला, तर साडेसात चौरस फूट पुरतात. मात्र पलंग उघडण्याची जागा रोज मोकळी राहायला हवी आणि बाजूने दीड-दोन फुटांची वाटही उरली पाहिजे. हे न पाहिल्यास पलंग उघडाच राहतो आणि केलेला खर्च वाया जातो.

रचनेची तत्त्वे : आराखड्याची सुरुवात खोलीच्या मापाइतकीच कुटुंबाच्या दिनक्रमातून व्हावी लागते. पहाटेची लोकल गाठणारा, शाळकरी मूल, दुपारी आडवे होणारे आजोबा-आजी यांच्या वेळा एकापुढे एक मांडल्या, की कोणती दोन कामे एका वस्तूवर टाकता येतील ते कळते. एकाच वेळी लागणारी कामे एका वस्तूवर टाकू नयेत. आजी झोपलेल्या सोफ्यातच नातवाचे अभ्यासाचे टेबल दडलेले असेल, तर ती रचना फसली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत सगळे कुटुंब दिवसभर घरी राहिले, तेव्हा दिवसा घर रिकामे असते हे गृहीतच मोडले आणि भिंतीला मिटणाऱ्या कामाच्या टेबलाची गरज ठळक झाली.

दुसरे तत्त्व श्रमाचे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले, ते गृहिणीची पावले व हालचाली यांचा विचार करून. तीच कसोटी येथे लागू होते. पलंग लावणे-काढणे हे काम घरात बहुधा बाईच्याच वाट्याला येते. एकटीला, कमरेला ताण न देता जे उघडता येत नाही, ते रोजच्या उपयोगाचे नाही.

साहित्य व जोडणी : कोकणपट्टीच्या दमट हवेत पार्टिकल बोर्डच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात. स्वयंपाकघर व ओल येणाऱ्या भिंतींजवळ भारतीय मानक 710 चे मरीन प्लायवूड, तर कोरड्या जागी मानक 303 चे प्लायवूड योग्य ठरते. 26 जुलै 2005 च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांचे झालेले नुकसान पाहता खाडी व उल्हास नदीकाठच्या सखल भागात पायांवर उचललेले फर्निचर जमिनीला टेकलेल्या बॉक्सपेक्षा बरे.

भिंतीचा पलंग बसवण्यापूर्वी भिंत ओळखावी लागते. नव्या टॉवरमधील काँक्रीटची भिंत बोल्ट घट्ट धरते. हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या भिंतीत साधा बोल्ट सुटू शकतो, म्हणून तेथे खास अँकर किंवा जमिनीवर उभी चौकट लागते. गॅस पंप गादीच्या वजनानुसार निवडतात. फोमची गादी काढून जड कापसाची गादी घातली, तर पलंग एकदम खाली येण्याचा धोका असतो. उंच कपाटे व ड्रॉवर भिंतीला न जखडल्यास मुलांच्या अंगावर कोसळू शकतात. अमेरिकेत अशा दुर्घटनांमुळे 2016 मध्ये आयकिया कंपनीने सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे व ड्रॉवर परत मागवले.

डोंबिवली-कल्याणच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत जिन्याचे वळण हेही एक माप असते. तेथे सुटे भाग वर नेऊन घरातच जोडावे लागतात.

कारागिरी व बाजार : कल्याणलगतचे उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले; 1949 मध्ये त्याला हे नाव मिळाले. तेथील फर्निचर बाजार परिसरातील घरांना तयार माल पुरवतो. दुसरी वाट घरी मिस्त्री बसवून मापाचे काम करून घेण्याची. तिच्यात खोलीचा कोपरा, बीम आणि खिडकी यांना जुळणारी वस्तू मिळते. 2020 अखेरीस नवी मुंबईत आयकियाचे दालन सुरू झाल्यावर स्वतः जोडायच्या फर्निचरचा पर्यायही जवळ आला.

भावी दिशा : हाँगकाँगचे वास्तुविशारद गॅरी चँग यांनी आपल्या 32 चौरस मीटरच्या घरात सरकत्या भिंतींनी एकाच जागेची अनेक दालने केली. वीजमोटरने हलणारे पलंगही बाजारात आहेत. येथे मात्र खरी गरज आहे ती दुरुस्त करता येणाऱ्या, नव्या घरी सुटे करून नेता येणाऱ्या आणि मासिक पगारात परवडणाऱ्या रचनांची. पुनर्विकासात लहान घरे आखतानाच पलंगाची भिंत, प्लगची जागा आणि उघडण्याची मोकळी जमीन नकाशात दाखवणे बिल्डर व नियोजन यंत्रणांनी बंधनकारक मानले पाहिजे. फर्निचर घराची अडचण हलकी करते. पुरेशा चटईक्षेत्राची जागा ते घेऊ शकत नाही.