ठिणगी आणि खारें पाणी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर सानपाडा हें जुनें गांव आहे. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्यें वाशीचा पहिला पूल खुला झाला आणि भोंवतीं नवी मुंबई वसली. त्याआधीं या तीरावर शेतीखेरीज मीठ आणि मासळी हींच उपजीविकेचीं मुख्य साधनें होतीं. आगर म्हणजे मिठागर; आगरी हें नांव त्यावरूनच पडलें असें सामान्यतः मानतात. ज्या मिठानें या किनाऱ्याला पोसलें, तेंच आज होडीवरील यंत्राचा सर्वांत मोठा शत्रु ठरलें आहे.

वल्हें आणि शीड यांवर चालणाऱ्या होडीला सुरू होण्याची अडचण नव्हती. यंत्र आलें आणि ही निश्चिंति गेली. ओहोटी लागली असतां यंत्र सुरू झालें नाहीं, तर होडी गाळांत रुतते, आणि पुढील भरती येईपर्यंत मासळी व माणसें उन्हांत अडकून पडतात.

होडीच्या मागें टांगावयाच्या यंत्राचा इतिहास विजेपासूनच सुरू होतो. पॅरिसच्या सेन नदीवर १८८१ मध्यें गुस्ताव त्रूव्हे यानें अशी विजेची मोटर चालवून दाखविली. परंतु लोकांत रुळलें तें पेट्रोलचें यंत्र. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यानें तें १९०९ मध्यें अमेरिकेंतील मिल्वॉकी येथें विक्रीस आणलें. अशा यंत्राला दोन गोष्टी लागतात : त्याचें चाक प्रथम कोणीतरी फिरवून द्यावें लागतें, आणि सिलिंडरांत नेमक्या क्षणीं ठिणगी पडावी लागते. चाक फिरविण्याचें काम हात आणि दोरी करीत. ठिणगीचें काम मॅग्नेटोकडे आलें. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, या फॅरेडेच्या १८३१ च्या शोधावर तो आधारलेला आहे. बॉशच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ मध्यें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याला बॅटरी लागत नसे.

पुढें चार्ल्स केटरिंग याच्या स्टार्टरनें १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत हाताची जागा घेतली, आणि कालांतरानें होडीचीं यंत्रेंहि किल्लीनें सुरू होऊं लागलीं. मनगटाचे श्रम वांचले. पण त्यांच्या जागीं बॅटरी, जाड तारा, खटके आणि अनेक सांधे आले. खाऱ्या पाण्याला शिरकाव करण्यास इतकीं द्वारें पूर्वी नव्हतीं.

सांधा हिरवट झाल्यानें काय बिघडतें, हें ओहमच्या १८२७ च्या नियमावरून कळतें. स्टार्टर १०० अँपिअर प्रवाह ओढतो असें धरल्यास, सांध्यांतील ओहमच्या अवघ्या पन्नासाव्या हिश्शाचा रोध २ व्होल्ट गिळून टाकतो. दिव्याला प्रवाह थोडा लागतो, म्हणून दिवा लागतो. स्टार्टर मात्र कण्हत राहतो. दिवा लागला एवढ्यावरून बॅटरी निर्दोष ठरविणें ही या कामांतील नेहमींची चूक होय.

म्हणून कुशल कारागीर एक क्रम पाळतो. प्रथम तो पेट्रोलची वाफ सांठलेली नाहीं हें पाहतो. मग बिनखर्चाच्या गोष्टी : यंत्र न्यूट्रलमध्यें आहे काय, सुरक्षेची दोरी खटक्यांत बसली आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय. नंतर बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टरचा भार पडतांच ती १० च्या बरीच खालीं उतरली, तर ती अशक्त समजावी. दाब टिकत असेल तर सांधे पाहावे. ऋण टोक आधीं सोडून ते काचकागदानें घासावे, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर ग्रीस लावावें. इतकें करूनहि किल्ली फिरवितांच नुसती ‘टक्’ होऊन सारें शांत राहिलें, तर दोष बहुधा चुंबकी खटक्यांत, ज्याला कारागीर सोलेनॉइड म्हणतात, किंवा स्टार्टरमध्यें असतो. ‘टक्’हि झाली नाहीं, तर किल्लीकडून येणारी बारीक तार तपासावी. स्टार्टर जोमानें फिरूनहि यंत्र पेटत नसेल, तर त्याला बोल न लावतां प्लग, ठिणगी आणि इंधन यांकडे वळावें.

खाऱ्या पाण्याशीं धातूचा हा झगडा जुना आहे. युद्धनौकांचा तांब्याचा पत्रा झिजूं नये म्हणून हंफ्रे डेव्ही यानें १८२४ मध्यें त्याला जस्त व लोखंड जोडून पाहिलें. तांबें वांचलें, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले वाढूं लागले, आणि आरमारानें तो उपाय सोडला. तत्त्व मात्र खरें होतें. आजहि होडीच्या यंत्राला जस्ताचा तुकडा लावतात, तो याचसाठीं. तो झिजतो आणि यंत्र टिकतें. विजेच्या सांध्यांना हें संरक्षण मिळत नाहीं. त्यांची काळजी माणसानेंच घ्यावी लागते.

अनेक लहान यंत्रांवर स्टार्टर आल्यानंतरहि दोरीची सोय ठेवलेली असते. मॅग्नेटो शाबूत असला, तर बॅटरी मेली तरी दोरीनें यंत्र जागें होतें. बॅटरीवरच विसंबणाऱ्या मोठ्या यंत्रांना ही सवलत नाहीं. त्यांच्यासाठीं किनाऱ्यावर परततांच वरून गोड्या पाण्याचें ओलें फडकें फिरवावें, सांधे कोरडे करावे आणि बॅटरी भरून ठेवावी. ओहोटीच्या वेळीं खाडीच्या मध्यावर दोष शोधीत बसण्यापेक्षां तें पुष्कळ स्वस्त पडतें.