सायकलला गाडीने उडवलं? उपचार आणि भरपाई अशी मिळवा

पिंपरी : चाकण, भोसरी, तळवडे पट्ट्यात अनेक कामगार सायकलवरूनच कामाला जातात. सायकलचा विमा नसला तरी धडक देणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते.

आधी हे करा : गाडीचा नंबर टिपा, फोटो काढा, 108 किंवा 112 ला फोन लावा. पोलिसांत नोंद कराच. जागेवर हजार-दोन हजार घेऊन मिटवलं, तर पुढे पुरावा राहत नाही.

उपचार : केंद्राच्या 2025 च्या कॅशलेस योजनेत ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार होतात.

भरपाई : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही दावा चालतो. बुडालेली मजुरीही मागता येते. बिलं, डिस्चार्ज कार्ड, पगाराची स्लिप जपून ठेवा.

गाडी पळून गेली तर : हाड मोडण्यासारख्या गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये. अर्ज अपघात झालेल्या भागातील प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्या. चाकणचा अपघात असेल तर राजगुरुनगरला.