वनस्पतींची अंतर्रचना (पदवी अभ्यासक्रमातील विषय)

वनस्पतींची अंतर्रचना : मूळ, खोड, पान, फूल, फळ व बी यांच्या आतील पेशी आणि ऊती, त्यांची मांडणी, तसेच वाढीबरोबर त्या मांडणीत होणारे बदल यांचा अभ्यास करणारी वनस्पतिशास्त्राची शाखा. महाविद्यालयांत ती ‘प्लँट ॲनाटॉमी’ या नावानेच ओळखली जाते. महाराष्ट्रात बी.एस्सी.च्या वर्गांना ती पुष्कळदा भ्रूणविज्ञानाच्या जोडीने शिकवतात. लेखी परीक्षेत या विषयाला आकृत्यांचा विषय समजले जाते; प्रत्यक्षात तो ब्लेडचा आणि नजरेचा विषय आहे. सपाट कापावरून घन अवयवाची कल्पना करता येणे, हेच यातले खरे शिक्षण होय.

विषयाचा उगम सूक्ष्मदर्शकाबरोबरचा आहे. रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापातील रिकाम्या कप्प्यांचे चित्र १६६५ मध्ये छापले. पुढे इंग्लंडमधील वैद्य नेहेमाया ग्रू आणि बोलोन्याचे मार्चेल्लो माल्पीगी हे दोघे एकमेकांपासून दूर राहून एकाच कामाला लागले. १६७१ च्या डिसेंबरात ग्रू यांचे छापील पुस्तक आणि माल्पीगी यांचे हस्तलिखित लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एकदमच आले. ग्रू यांचा मोठा सचित्र ग्रंथ १६८२ चा. माल्पीगी यांनी फांदीवरील सालीचे कडे काढून पाहिले, तेव्हा कापाच्या वरच्या बाजूला फांदी फुगली. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते हा निष्कर्ष त्यातून निघतो आणि आजही वर्गात हाच प्रयोग सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात जर्मनभाषक अभ्यासकांनी या शाखेला आजची परिभाषा दिली : कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये झायलम व फ्लोएम ही नावे रूढ केली आणि युलियस झाक्स यांनी अवयवातील ऊतींची बाह्य, आधार व वाहक अशा तीन संहतींत विभागणी केली. त्या तीन संहतींवरच अजून अभ्यासक्रमाचे प्रकरण बेतलेले असते.

विभाजी आणि स्थायी ऊती, मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती हा भाग विद्यार्थी शाळेतच शिकून आलेले असतात. तिथल्या जलवाहिन्या व रसवाहिन्या इथे झायलम आणि फ्लोएम होतात आणि त्यांच्या पोटात अनेक प्रकारच्या पेशी निघतात. चाळणी नलिकेची पक्व पेशी केंद्रक गमावूनही जिवंत राहते व शेजारच्या सहपेशीच्या आधाराने काम करते. पाणी वाहणाऱ्या वाहिन्यांच्या पेशी मात्र कामाला लागतात त्या मेल्यावरच. खोडाच्या टोकाच्या वाढीविषयी हान्स्टाइन (१८६८) आणि श्मिट (१९२४) यांचे सिद्धांत पाठ करवून घेतले जातात. त्यांपैकी टोकाचे बाहेरचे थर आणि आतला गाभा असे दोन भाग मानणारी श्मिट यांची ट्युनिका-कॉर्पस कल्पना अजून उपयोगी आहे. हान्स्टाइन यांच्या सिद्धांताची किंमत आता मुख्यतः ऐतिहासिक आहे.

पदवीच्या प्रात्यक्षिकांचा कणा म्हणजे चार आडवे छेद : सूर्यफुलाचे खोड, मक्याचे खोड, हरभऱ्याचे मूळ आणि मक्याचे मूळ. सूर्यफुलात वाहक वृंद एका कड्यात बसलेले दिसतात व प्रत्येकात झायलम-फ्लोएमच्या मधोमध कँबियमची, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या ऊतीची, पट्टी असते. मक्यात वृंद सर्वत्र विखुरलेले, परिघाकडे लहान व दाट, आत मोठे व विरळ. प्रत्येकाभोवती दृढ ऊतींचे आवरण आणि कँबियमचा पत्ता नाही. मुळात झायलम आणि फ्लोएम एका त्रिज्येवर न येता आळीपाळीने बसतात. द्विदल मुळात झायलमचे गट दोन ते सहा, एकदल मुळात त्याहून अधिक. छेद मुळाचा की खोडाचा हे ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे आधी तयार झालेले अरुंद झायलम कुठे आहे ते पाहणे : मुळात ते बाहेरच्या अंगाला असते, खोडात आतल्या. गुण मिळवण्यासाठी पुरी पडणारी ही खूण पाठ केल्यावर पुष्कळजण मुळाची अंतस्त्वचा नुसती रेखाटून पुढे जातात, ही चूक आहे. रॉबर्ट कास्पारी यांनी १८६५ मध्ये वर्णिलेली तिची पट्टी पाण्याला पेशीभित्तींमधून परस्पर आत शिरू देत नाही. पाणी व क्षार यांना जिवंत पेशीतून जावेच लागते आणि मुळाला निवड करता येते.

छेद घेण्याची रीत सोपी वाटते. ताजे खोड चिमटीत धरायचे, नवे ब्लेड पाण्याने ओले करून ते स्वतःकडे एका सरळ ओढीने आणायचे आणि काप वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचे. पान नुसते धरता येत नाही, म्हणून ते गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात खाच पाडून बसवतात. नवखा विद्यार्थी पूर्ण गोल, जाड काप निवडतो. जाणता विद्यार्थी ब्रशाने पाचरीसारखा अर्धवट पण पारदर्शक काप उचलतो, कारण पेशींचा एकच थर असलेल्या कडेला जे दिसते ते जाड चकतीत कधीच दिसत नाही. हात तिरका गेला की काकडीच्या तिरप्या चकतीप्रमाणे गोल वाहिन्या लांबट दिसतात आणि जर्नलमध्ये त्या तशाच उतरतात. सॅफ्रनीनने लिग्निनयुक्त भित्ती लाल होतात, फास्ट ग्रीनने सेल्युलोजच्या भित्ती हिरव्या. रंग जास्त झाला तर धुवावा लागतो आणि धुण्याचा अंदाज पुस्तकात मिळत नाही. काचेवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर काप आणि एका बाजूने हळूच टेकवलेली कव्हर स्लिप. कव्हर स्लिप सपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या कडांचे हे बुडबुडे पेशी म्हणून काढलेल्या आकृत्या परीक्षकांना दरवर्षी दिसतात. तयार स्लाइडवर विषय उरकणाऱ्या प्रयोगशाळांतून बाहेर पडलेल्या पदवीधराला आकृती येते, वनस्पती येत नाही.

कँबियममुळे होणारी दुय्यम वाढ हा या विषयातला व्यवहाराशी सर्वांत जवळचा भाग. कँबियम आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेर दुय्यम फ्लोएम तयार करते. कोकणातील आंब्याचे कोय कलम जुळते ते खुंट आणि काडी यांच्या जखमी भागांतील नव्या पेशी सांधल्या जाऊन कँबियम एकमेकांना मिळते म्हणून. माडाला असे कँबियम नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याने चढण्यासाठी खोडात घातलेल्या खाचा त्यामुळेच कधी भरून येत नाहीत. तरीही माड जाड असतो, कारण त्याची जाडी टोकाजवळच्या प्राथमिक वाढीतच ठरून जाते.

नियम शिकवल्यावर अपवाद शिकवले जातात. अपसामान्य दुय्यम वाढ हा बहुतेकांचा नावडता आणि खरे तर सर्वांत रसाळ घटक आहे. त्यासाठी लागणारी झाडे दुर्मिळ नाहीत. पारिजातकाच्या चौकोनी फांदीच्या चारही कोपऱ्यांत, मध्यत्वचेत, एकेक वाहक वृंद असतो आणि तो उलटा बसलेला असतो : झायलम बाहेर, फ्लोएम आत. आघाड्याच्या भेंडात दोन जादा वृंद असतात. पुनर्नवेतही भेंडात समोरासमोर दोन मोठे वृंद आणि त्यांच्या बाहेर लहान वृंदांची कडी आढळतात. कुंपणावरच्या संक्रांत वेलीचा काप घेतला तर लाकडात चार बाजूंनी फ्लोएमच्या पाचरी घुसलेल्या दिसतात. पिळणाऱ्या, वाकणाऱ्या खोडाला अशा मऊ पट्ट्यांचा फायदा होतो असे मानले जाते. बिटाच्या चकतीवरची वर्तुळे एकामागून एक तयार झालेल्या कँबियमांची असतात. खाडीकाठच्या तिवराचे लाकूडही याच पद्धतीने वाढते. ही उदाहरणे कॅम्पसवरच्या झाडांवरून शिकवण्याऐवजी परदेशी पुस्तकांतील आकृत्यांवरून शिकवली जातात, हे खटकणारे आहे.

पानांत परिस्थिती आणि रचना यांचा संबंध थेट दिसतो. कण्हेरीच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या पृष्ठभागावरील केसाळ खळग्यांत दडलेली असतात. ज्वारी, मका, ऊस यांच्या शिरांभोवती हरितद्रव्याने भरलेल्या मोठ्या पेशींचे कडे असते. गॉटलीब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकातच या रचनेकडे लक्ष वेधले होते, पण तिचा अर्थ लागला तो १९६० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी उसातील कार्बनाचा मार्ग उलगडल्यावर. गहू आणि भातात हे कडे नसते. माठ व राजगिरा द्विदल असूनही त्यांच्यात ते आढळते. रोजच्या खाण्यातही अंतर्रचना जाणवते : अळू नीट न शिजवल्यास घसा खवखवतो, त्याला कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कारण असतात. पेरूचा गर दाताखाली कचकचतो तो दगडी पेशींमुळे.

पाठ्यपुस्तकांत ईम्स आणि मॅक्डॅनियल्स (१९२५), कॅथरिन इसाउ (१९५३) आणि एब्राहम फान यांचे ग्रंथ प्रमाण मानले जातात; भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती बहुतेकदा बी. पी. पांडे यांचे पुस्तक असते. इसाउ यांचा जन्म १८९८ मध्ये आजच्या युक्रेनमध्ये झाला. कॅलिफोर्नियात शुगरबीटवरील विषाणुरोगाचा अभ्यास करताना त्या फ्लोएमकडे वळल्या आणि त्यांच्या ग्रंथाने जवळजवळ सगळ्या जगाच्या पिढ्या घडवल्या. पांडे परीक्षेला पुरतात. शंका पडली की इसाउच उघडावे लागते.

उपयोगांची यादी लांब आहे. औषधी पानांच्या भुकटीतील भेसळ पर्णरंध्रांच्या प्रकारावरून व केसांवरून पकडता येते. अडुळशाची भुकटी अशीच ओळखतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. सागवानात वर्षागणिक स्पष्ट वलये पडतात आणि पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने त्यांवरून जुन्या पावसाचा माग काढण्याचे काम केले आहे. नागपूर आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात, लाव्हाच्या थरांमधल्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात पामवृक्षांची अश्मीभूत खोडे सापडतात. त्यांना पान नाही, फूल नाही, म्हणून ‘पामोझायलॉन’ या कामचलाऊ प्रजातीत त्यांची रवानगी होत असे. पुणे विद्यापीठातील टी. एस. महाबळे यांनी १९५८ मध्ये या प्रजातीची फोड करण्याची नवी दिशा सुचवली. दगडाचा पातळ काप घासून पाहिला की त्यातही वाहक वृंद मक्यासारखेच विखुरलेले दिसतात.