व्हीसीआरची जोडणी : एका घरगुती यंत्राचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सानंतर एक कुटुंब धर्मगुरुनिवासात आले. पतिपत्नींच्या विवाहाला ३५ वर्षे पूर्ण होत होती. त्यांच्या हाती एक काळी व्हिडिओ कॅसेट होती, तिच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत होते. पत्नी म्हणाली, "फादर, आमच्या लग्नाच्या मिस्साची कॅसेट आहे. आमचे दोघांचेही आईवडील यात आहेत. आज चौघांपैकी कुणीच नाही. माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला, पण त्याची वायर नव्या टीव्हीला कुठे लावायची, हेच मुलांना कळेना."

प्रश्न वायरीचा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी त्या वायरीच्या इतिहासात शिरलो, आणि तो इतिहास आपल्या कौटुंबिक जीवनाशी किती निगडित आहे हे पाहून चकित झालो. वाचकहो, तोच इतिहास येथे थोडक्यात मांडतो.

दूरचित्रवाणीचे चित्र फितीवर साठविण्याची निकड प्रथम अमेरिकेत भासली, आणि तिचे कारण होते घड्याळ. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या वेळेत तीन तासांचे अंतर आहे. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी प्रक्षेपित होणारी बातमी पश्चिम किनाऱ्यावर भर दुपारी पोहोचे. म्हणून पडद्यावरचे चित्र सिनेमाच्या फिल्मवर टिपून, ती फिल्म घाईघाईने धुऊन पुन्हा दाखविण्याचा खटाटोप चाले. १९५६ साली अॅम्पेक्स या कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र नोंदविणारे यंत्र शिकागोच्या एका मेळाव्यात सादर केले. चार्ल्स गिन्सबर्ग या अभियंत्याच्या तुकडीने ते घडविले होते. पुढे ध्वनिक्षेत्रात नावारूपाला आलेले रे डॉल्बी तेव्हा याच तुकडीतील एक तरुण सहकारी होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी सीबीएस या संस्थेने न्यूयॉर्कची बातमी लॉस एंजेलिस येथे नोंदवून तीन तासांनी पश्चिमेकडील प्रेक्षकांना दाखविली. दोन इंच रुंदीची फीत लागणाऱ्या त्या अवजड यंत्राची किंमत सुमारे ५० हजार डॉलर होती. घरात ते येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरात प्रवेश मिळविण्यास या यंत्राला आणखी जवळजवळ २० वर्षे लागली. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने 'बेटामॅक्स' बाजारात आणला. अमेरिकेत तो प्रथम टीव्हीसह एकाच लाकडी पेटीत विकला गेला. यंत्र आणि पडदा यांची गाठ कारखान्यातच बांधलेली होती, ग्राहकाला काहीच जोडावे लागत नव्हते. परंतु घरी असलेला टीव्ही टाकून अशी महागडी पेटी कोण घेणार? पुढल्याच वर्षी सोनीने तेथे सुटे यंत्र आणले. 'तुमच्या घरी जो टीव्ही आहे त्यालाच हे जोडा' असा त्याचा अर्थ होता. १९७६ मध्येच जपानच्या जेव्हीसी कंपनीने 'व्हीएचएस' ही पद्धत पुढे आणली. बेटामॅक्सची पहिली कॅसेट एक तासाची, तर व्हीएचएसची दोन तासांची होती. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीने चार तास नोंद करणारे व्हीएचएस यंत्र विकले. कुटुंबाला पूर्ण चित्रपट एका कॅसेटवर हवा होता. बेटामॅक्सचे चित्र अधिक चांगले, असा त्याच्या चाहत्यांचा दावा असूनही अखेर जगभर व्हीएचएसचीच सरशी झाली.

आता त्या वायरीकडे वळू. त्या काळच्या टीव्हीला बाहेरून चित्र आत घेण्याचे एकच द्वार होते, ते म्हणजे अँटेनाचे. अनेक संचांचा आतला सांगाडा थेट विजेच्या प्रवाहाशी जोडलेला असे. त्यामुळे त्याला दुसरे यंत्र सरळ जोडण्याची सोय ठेवणे धोक्याचे होते. म्हणून अभियंत्यांनी एक युक्ती योजली. व्हीसीआरच्या पोटातच एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र बसविले. फितीवरचे चित्र आणि आवाज हे केंद्र एखाद्या चॅनेलच्या लहरींवर चढवी, आणि ते चॅनेल लावले की टीव्हीला वाटे, हे चित्र आकाशातूनच आले आहे! अमेरिकेत यासाठी ३ किंवा ४ क्रमांकाचे चॅनेल वापरीत. एकाच शहरात हे दोन्ही क्रमांक सहसा दिले जात नसत, त्यामुळे त्यांपैकी एक रिकामे सापडेच. आपल्याकडेही टीव्हीवरील एक रिकामे बटण व्हीसीआरसाठी राखून ठेवावे लागे.

जोडणीचा क्रम ठरलेला होता. छपरावरील अँटेनाची वायर प्रथम व्हीसीआरमध्ये, आणि व्हीसीआरमधून दुसरी वायर टीव्हीमध्ये. कित्येकांना हा द्राविडी प्राणायाम वाटे. तथापि त्यात मर्म होते. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर होता. लहरी आधी त्याच्याकडे गेल्या तरच तो त्या टिपू शकत होता. टीव्ही बंद असताना, घरी कुणी नसताना, ठरवून दिलेल्या वेळी कार्यक्रम नोंदवून ठेवणे यामुळेच शक्य झाले. अँटेना सरळ टीव्हीला लावली तर भाड्याची कॅसेट पाहता येई, पण स्वतः नोंद करता येत नसे. छपरावरून येणारी जुनी चपटी वायर आणि व्हीसीआरचे गोल तोंड यांचा मेळ बसविण्यासाठी मध्ये एक लहानशी डबी लावावी लागे. पुढे टीव्हीला चित्र आणि आवाज यांची वेगळी द्वारे आली. पिवळी पिन चित्रासाठी, पांढरी आणि लाल आवाजासाठी. त्या पिनेचा मूळ आकारही आरसीए कंपनीचाच. रेडिओ आणि ग्रामोफोन जोडण्यासाठी ती प्रथम वापरली गेली होती.

फितीची करामतही थोडी जाणून घेण्यासारखी आहे. व्हीएचएसची अर्धा इंच रुंदीची फीत आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ गतीत चित्र मावत नाही. म्हणून चित्र टिपणारी दोन हेड्स एका तिरप्या पिंपावर बसविलेली असतात, आणि ते पिंप मिनिटाला १५०० फेरे घेते. प्रत्येक फेरीत फितीवर दोन तिरप्या रेघा उमटतात. हेडवर किंचित मळ साचला की पडद्यावर मुंग्या दिसू लागतात. रेघ आणि हेड यांचा मेळ चुकला की आडवा पट्टा थरथरू लागतो. मग घरातला जाणता मुलगा ट्रॅकिंगचे बटण फिरवीत बसे. हे दृश्य अनेकांना आठवेल.

या जोडणीवरून अमेरिकेत मोठा खटला उभा राहिला. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी सोनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. घरी बसून कार्यक्रम नोंदविणे म्हणजे आमच्या हक्कांची चोरी, असे त्यांचे म्हणणे होते. या खटल्यात फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित धर्मसेवक होते आणि दूरचित्रवाणीवर लहान मुलांसाठी एक अतिशय लोकप्रिय कार्यक्रम करीत. कुटुंबाने माझा कार्यक्रम नोंदवून सोयीच्या वेळी एकत्र बसून पाहिला तर माझी काहीच हरकत नाही, अशा आशयाची ती साक्ष होती. माणसाने आपल्या जीवनाचे निर्णय स्वतः घ्यावेत, हे मुलांना शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. निकालपत्रात रॉजर्स यांच्या साक्षीचाही उल्लेख आहे. एका मताने निवाडा फिरला असता! गमतीची गोष्ट अशी की, काही वर्षांतच चित्रसंस्थांना या कॅसेटींपासून तिकीटबारीपेक्षाही अधिक उत्पन्न मिळू लागले.

आपल्या देशात दिल्लीला १९५९ साली आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत चित्र आले. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून छपरांवर अँटेना उभे राहिले. घराची दिनचर्या दूरदर्शनच्या वेळापत्रकाने ठरू लागली. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' मालिका लागली की रस्ते ओस पडत.

त्याच सुमारास आखातातून परतणाऱ्या आपल्या बांधवांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. ज्यांना तो परवडत नसे ते सणासमारंभाला टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणीत. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. अंगणात बाकावर यंत्र मांडले जाई, वाडीतली सारी मंडळी चटयांवर बसत, आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट होत. चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट एवढा झाला की १९८४ साली शासनाला स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. दोषही होते, ते झाकण्यात अर्थ नाही. नको ती कॅसेट नको त्या वयाच्या हाती पडे, आणि रात्रीची जपमाळ चित्रपटासाठी उरकली जाई.

ख्रिस्तसभेने या साधनाकडे पाठ फिरविली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या साधनांविषयी स्वतंत्र आदेशपत्र प्रसिद्ध केले. १९९३ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी निवडलेला विषयच मुळी व्हिडिओ व ऑडिओ कॅसेटी आणि संस्कृती व सदसद्विवेकबुद्धी यांची जडणघडण, हा होता. माळ्यावर धूळ खात पडलेल्या त्या काळ्या डबीला पोपमहोदयांच्या संदेशात स्थान मिळाले होते!

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. सुटे भाग मिळेनासे झाले होते. जगातील ती अखेरची मोठी उत्पादक कंपनी. त्या यंत्राने कुटुंबाला वेळेवर ताबा दिला होता, आणि त्या वेळी सारे एकाच पडद्यासमोर बसत होते. आज प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र पडदा आहे. हवे ते, हवे तेव्हा पाहण्याची मुभा प्रत्येकाला आहे, पण एकत्र बसण्याची वेळ आपण मुद्दाम ठरविल्याशिवाय येत नाही. जेवणाच्या आणि जपमाळेच्या वेळेबाबतही हाच अनुभव आहे.

त्या दांपत्याची कॅसेट तशीच यंत्रात घालू दिली नाही, हे बरे झाले. बुरशी हेडला लागते आणि फीतही खराब होते. एका जाणकाराकडून फीत साफ करून घेतली. नव्या टीव्हीला तीन पिनांची द्वारे नव्हती, एकच बारीक छिद्र होते. त्यासाठीची जोडवायर मिळविली. पडद्यावर आधी मुंग्या, मग थरथरता पट्टा, आणि मग आमच्याच चर्चची वेदी दिसली. नववधूच्या मागे तिची आई पदराने डोळे पुसत उभी होती. नातवंडांनी आजीला प्रथमच चालताबोलताना पाहिले. बराच वेळ कुणी बोलले नाही.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत या फिती फार काळ टिकणार नाहीत, आणि त्या चालविणारी यंत्रेही दिवसेंदिवस कमी होत आहेत. आपल्या घरात लग्नाच्या, पहिल्या कम्युनियनच्या, गुरुदीक्षेच्या कॅसेटी असतील, तर त्या या पावसाळ्यापूर्वी खाली काढाव्यात आणि जाणकाराकडून त्यांची संगणकावर नोंद करून घ्यावी. नंतर एका संध्याकाळी साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून त्या पाहाव्यात. जे आपल्यातून गेले त्यांच्यासाठी त्याच वेळी एक प्रार्थनाही म्हणावी.