बीथोव्हनची पहिली कॉर्ड

लढायांच्या गोष्टी सांगणारा हा फौजी आज संगीतात कुठे घुसला, असे काहीजण विचारतील. विचारा. पण घरी पेटी असेल तर आधी ती काढा.

पांढरी एक हा सा धरा. मधल्या सप्तकातले प आणि नि, वरचे रे आणि म, असे चार स्वर एकदम दाबा. ही डॉमिनंट सेव्हन्थ. वाक्य अर्धवट राहिल्यासारखे वाटते ना? आता नि चढवून सा वर न्या, म उतरवून ग वर आणा. कान निवांत झाला. नि आणि म यांच्यातच खरी कुरबुर असते. दोघे अर्धा-अर्धा स्वर सरकले की कॉर्ड सुटते. फ्रान्सच्या रामोने १७२२ साली आपल्या ग्रंथात याची शिस्तशीर मांडणी केली. (आमच्या बिगुलाला ही भानगडच नाही. झडपा नसतात, कॉल सा-ग-प वरच चालतात. सुटायचे काय?)

आता चला व्हिएन्नाला. २ एप्रिल १८००, बुर्गथिएटर. त्याच कार्यक्रमात मोझार्ट आणि हायडन यांच्याही रचना होत्या. अशा संगतीत तिशीही न गाठलेला बीथोव्हन आपली पहिली सिंफनी ऐकवणार होता. तिचा सा म्हणजे आपली पांढरी एक. पहिली कॉर्ड सा-ग-प असती तर कुणाला नवल वाटले नसते. त्याने त्यात कोमल नि मिसळला. एवढ्याने ते घर घर राहिले नाही, बाहेरची वाट झाले. ग चढून म वर गेला, कोमल नि उतरून ध वर आला, आणि श्रोते पोहोचले म च्या घरी. मग प-नि-रे-म वाजले, आता तरी सा येईल म्हणावे, तर तो नेतो ध कडे. तिसरी कॉर्ड प वर सोडतो. संथ प्रस्तावना बारा बारची आहे. तेराव्या बारला जलद भाग सुरू होतो तेव्हा सा ठामपणे हाती येतो.

असे करणारा तो पहिलाच, हे मात्र मला पटत नाही. बाखच्या ५४ क्रमांकाच्या कँटाटाची पहिली कॉर्डही डॉमिनंट सेव्हन्थच आहे, खाली सा धरून ठेवलेला. बीथोव्हनचे वेगळेपण मला दिसते ते हे, की तो तीनदा नियम काटेकोर पाळतो आणि नियमानेच चकवतो. दुसऱ्या वेळी तर नि सा वर जातो, म ग वर येतो, अगदी पुस्तकातल्यासारखे. फक्त खालचा प सा कडे न जाता ध वर चढतो.

त्या मैफलीवर लाइपझिगच्या संगीतपत्रात परीक्षण आले. सिंफनीत नावीन्य आणि कल्पना भरपूर, असे कौतुक झाले. तक्रार होती फुंकवाद्यांची: ती इतकी वापरली आहेत की ऑर्केस्ट्रा नव्हे, बँड वाटतो म्हणे! मिलिटरी बँड ऐकण्यात हयात गेलेल्या मला यात तक्रार कसली, ते कळलेले नाही.