ओझुशिमा बेटावरील बोगदा

जपानच्या प्रवासाविषयी स्मरणिकेत काही लिहावे, असा भगिनींचा आग्रह झाला. तेथील देवळांविषयी आणि चेरीच्या फुलांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी मात्र एका लहानशा बेटाची हकीकत सांगणार आहे.

यामागुची प्रांतात तोकुयामा नावाचे बंदर आहे. तेथून बोटीने ओझुशिमाला जाता येते. बेट डोंगराळ आणि शांत आहे. येथेच जपानी आरमाराने सप्टेंबर १९४४ मध्ये 'काइतेन'चा तळ उघडला. त्या उन्हाळ्यात सायपान बेट हातचे गेले होते आणि युद्धाचे पारडे फिरले होते. काइतेन म्हणजे माणसाने आत बसून चालवायचा टॉर्पेडो. लांबी सुमारे पंधरा मीटर, वजन आठ टनांहून अधिक, आणि तोंडाशी दीड टन स्फोटक. शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळायचे, एवढेच त्याचे काम. चालकाने परत यावे अशी योजनाच नव्हती.

डोंगर पोखरून केलेला बोगदा अजून आहे. रुळांवरून काइतेन याच वाटेने समुद्रात बांधलेल्या केंद्रापर्यंत नेत. मी त्या बोगद्यातून चालत गेले. पलीकडे निळे पाणी दिसले, तेव्हा याच वाटेने गेलेली मुले डोळ्यांपुढे आली.

ही कल्पना मांडणारे कुरोकी आणि निशिना हे दोन तरुण अधिकारी. दोघांनी पंचविशीही गाठली नव्हती. तळ उघडून आठवडाही झाला नाही तोच सरावात कुरोकींचे काइतेन समुद्रतळाशी रुतले. हवा संपेपर्यंत ते यंत्रातील दोषांची टिपणे लिहीत राहिले. सोबतचा अधिकारीही त्यांच्याबरोबर गेला. निशिना कुरोकींच्या अस्थी बरोबर घेऊन पहिल्या मोहिमेवर निघाले. २० नोव्हेंबर १९४४ रोजी उलिथी येथे अमेरिकेचे 'मिसिसिनेवा' हे तेलवाहू जहाज बुडाले आणि त्यावरील ६३ जण मेले. पुढे जुलै १९४५ मध्ये 'अंडरहिल' ही युद्धनौका गेली, तीवरील ११२ जण मेले. काइतेनचे १०६ चालक मरण पावले. त्यांतील काही सरावातच गेले. युद्धाचा निकाल मात्र तसूभरही बदलला नाही.

बेटावर १९६८ साली स्मारक-संग्रहालय उभे राहिले. तेथे त्या मुलांची छायाचित्रे, गणवेश आणि घरी लिहिलेली पत्रे आहेत. भाषा येत नसली तरी पत्र कोणासाठी आहे हे आईला कळते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्या मुलांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. पण धैर्याला नमस्कार करताना, ते धैर्य ज्यांनी असे खर्ची घातले त्यांनाही नमस्कार पोचू नये, याची काळजी घेतली पाहिजे. मिसिसिनेवावरील मुलांच्याही आया होत्याच.

आपल्या मंडळात मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगताना ओझुशिमाची ही गोष्टही सांगावी. मरण्याचा हुकूम कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे विचारण्याचीही सवय मुलांना लागली पाहिजे.