सारवणापासून सिमेंटपर्यंत

कर्नाटकातल्या पिरियापट्टणला आमच्या आजीचं अंगण शेणानं सारवलेलं. डाग पडला की वरून पुन्हा सारवायचं, विषय संपला. सिमेंट आलं आणि ही सोय गेली. जोसेफ अ‍ॅस्पडिननं १८२४ मध्ये इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्या सिमेंटच्या बारीक छिद्रांत तेल मुरतं. आमचा हा तंबाखूचा तालुका, दारात ट्रॅक्टर, म्हणजे काळे डाग ठरलेलेच.

मग कुणीतरी अ‍ॅसिडची बाटली आणतं. अ‍ॅसिड सिमेंटमधला चुना खातं, फसफसतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा डाग आणखी खोल जातो. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला तोच वायू! हे दोन्ही एकत्र कधीच करू नका, हात जोडून सांगते.

आईची रीत मला पटते. ताज्या तेलावर आधी कोरडी माती टाकायची, घासायचं नाही. तेल शोषलं की माती झाडून घ्यायची, मग साबणाचं पाणी आणि काथ्याचा ब्रश. जुन्या डागावर खडूची पूड साबणाच्या पाण्यात घट्ट कालवून थापायची, वाळली की खरवडायची. एकदा नाही निघाला, तर परत थापायची. पावसाळ्यातल्या शेवाळाला मात्र नुसता ब्रश पुरतो, पाणी साचू दिलं नाही तर.